वारा उत्तरेकडे, पाणी पश्चिमेकडे : प्राथमिक समुद्रविज्ञानाच्या वर्गातलं एक प्रकरण

मध्यसत्र परीक्षेचे पेपर परत दिले त्याच आठवड्यात एक विद्यार्थिनी विषय सोडण्याचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली. विषय प्राथमिक समुद्रविज्ञान, कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला घेता येणारा ऐच्छिक पेपर. व्याख्यानं प्राध्यापक देतात, ट्यूटोरियल माझ्याकडे असतं आणि अशा अर्जावर ट्यूटोरियल घेणाऱ्याची शिफारस लागते. तिचा मुख्य विषय इतिहास. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं : गणित आणि भौतिकशास्त्राचा पाया नाही.

हे कारण नेहमीचं आहे आणि त्यावर मुकाट्याने सही करणं सर्वांत सोपं. पण मी आधी तिचा पेपर मागून घेतला, आणि तो वाचल्यावर मला ते कारण पटेना. मुदत संपायला अजून काही दिवस होते. अर्ज माझ्याकडेच राहू दे, म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

पेपर काय सांगत होता

वस्तुनिष्ठ भागात तिचं जवळजवळ काहीच चुकलेलं नव्हतं. महासागरांची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर, सरासरी क्षारता दर हजारी ३५, चॅलेंजर जहाजाची मोहीम १८७२ ते १८७६, मारियाना गर्तेच्या तळाशी ट्रिएस्ट हे खोल बुडी मारणारं यान पोहोचलं ते १९६० साली, समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांविषयी व्हाइन आणि मॅथ्यूज यांचा लेख १९६३ सालचा. सगळं जागच्या जागी. ‘आकृती पाहून स्पष्ट करा’ या भागातही तिने पानंच्या पानं लिहिली होती, पण तिथे गुण मात्र नावापुरते. कोऱ्या पानावरून काही कळत नाही. भरलेल्या पानावर विचार कुठून कुठे गेला ते दिसतं, म्हणून त्यातले दोन प्रश्न मी बारकाईने पाहिले.

पहिल्यात एक बिननावाचा नकाशा होता. दक्षिण गोलार्ध, उत्तर-दक्षिण जाणारा किनारा, पश्चिमेला समुद्र, आणि किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणारा वारा. वरच्या थरातलं पाणी कुठे जाईल आणि किनाऱ्याजवळ काय घडेल, एवढंच विचारलं होतं. तिचं उत्तर : पाणी वाऱ्याबरोबर उत्तरेला जाईल. वारा समुद्राकडे वाहत नसल्यामुळे किनाऱ्यापासून पाणी हटणार नाही, म्हणून खालचं पाणी वर येणार नाही. त्याखाली, बहुधा एखादा गुण तरी मिळावा म्हणून, तिने यादी दिली होती : खालचं पाणी वर येण्याचे प्रमुख प्रदेश पेरू, कॅलिफोर्निया, बेंग्वेला, कॅनरी. नकाशा पेरूचाच होता, फक्त नाव काढलेलं होतं.

दुसऱ्यात खोलीनुसार तापमानाचा आलेख. उभ्या अक्षावर खोली, शून्य वरच्या टोकाला, आडव्या अक्षावर तापमान. तापमान सर्वांत झपाट्याने कुठे बदलतं, त्या जागी खूण करायची होती. तिने खूण केली खोल भागात, जिथे रेषा सरळ खाली उतरते. शेजारी लिहिलं, ‘येथे रेषा सर्वांत उभी आहे.’ आणि थर्मोक्लाइनच्या, म्हणजे खोलीबरोबर तापमान झपाट्याने उतरतं त्या थराच्या भागात, जिथे रेषा जवळजवळ आडवी पडते, तिथे लिहिलं होतं ‘स्थिर’.

नेमकं अडलं कुठे

दुसऱ्या दिवशी मी तिला पुस्तक बंद करायला लावलं आणि पहिला प्रश्न तोंडी सोडवायला सांगितला.

“वारा पाण्याला ढकलतो, मॅडम. ज्या दिशेला ढकलतो तिकडे पाणी जातं. यात चूक काय आहे?”

“लहान टबात काहीच चूक नाही,” मी म्हटलं. खरंच नाही. टबातल्या पाण्यावर फुंकर मारली तर ते फुंकरीच्या दिशेनेच जातं. तिचा नियम अनुभवातून आलेला होता आणि त्या मापापुरता खरा होता. समुद्रात तोच नियम का कोलमडतो, हे तिने व्याख्यानात ऐकलं होतं, वहीत उतरवलंही होतं. एकमनचा सिद्धांत, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहत्या पाण्याला मिळणारं कोरिऑलिसचं वळण, उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे, सगळं वहीत होतं. फक्त तिच्या मनातल्या नियमाशी त्याची गाठ कधी पडलीच नव्हती. दोन्ही शेजारी-शेजारी राहत होते आणि परीक्षेत नाव दिसलं नाही की जुना नियम पुढे यायचा.

आलेखाचं दुखणं वेगळं. शाळेत आपण शिकतो की जे आपण ठरवून बदलतो ते आडव्या अक्षावर आणि जे मोजतो ते उभ्यावर, आणि रेषा जितकी उभी तितका बदल जलद. समुद्रविज्ञानात खोली उभ्या अक्षावर घेतात, तीही खाली वाढत जाणारी, कारण कागदावर समुद्र जसा आहे तसा उभा दिसावा. त्यामुळे उताराचा अर्थ नेमका उलटा होतो : रेषा आडवी पडते तिथे थोड्याशा खोलीत पुष्कळ फरक, आणि रेषा उभी असते तिथे जवळजवळ फरकच नाही. विज्ञानाच्या मुलांना ही सवय कधी लागली ते त्यांनाही आठवत नाही. बाहेरून आलेल्याला ती कुणी मुद्दाम सांगत नाही.

यात गणित कुठे आहे? या सबंध पेपरात गुणाकार, गुणोत्तरं, एखादं वर्गमूळ आणि एका ठिकाणी अक्षांशाचं साइन, याहून जास्त लागत नाही. माझ्या एका सहकाऱ्याचं मत होतं की तिला आधी गणिताच्या उजळणी वर्गाला पाठवावं. हेतू चांगला होता, पण ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालं असतं. उजळणी वर्गात ती समीकरणं सोडवायला शिकली असती आणि पेरूच्या नकाशावर बाण पुन्हा उत्तरेलाच काढला असता.

फ्राम जहाजाची नोंद

इतिहासाच्या विद्यार्थ्याकडे एक गोष्ट असते जी माझ्या विज्ञानाच्या मुलांकडे सहसा नसते : पुराव्याला प्रश्न विचारण्याची सवय. तिथूनच सुरुवात करायचं मी ठरवलं. कोरिऑलिसचं सूत्र न मांडता तिला एका जहाजाची हकिगत सांगितली.

१८८१ साली जीनेट नावाचं जहाज सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. १८८४ साली त्यातल्या काही वस्तू ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडल्या. तिचा पहिला प्रश्न : “त्या वस्तू जीनेटच्याच होत्या हे कशावरून?” त्यात कप्तानाच्या सहीची शिधायादी होती आणि एका खलाशाचं नाव असलेली विजार. तिला ते पटलं. मग तिने स्वतःच पुढचं पाऊल टाकलं, की वस्तू तिकडून इकडे आल्या म्हणजे बर्फ तिकडून इकडे सरकतो. नॉर्वेचा ध्रुवप्रदेश संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन याने नेमका हाच निष्कर्ष काढला, आणि १८९३ साली फ्राम हे जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेतलं. बर्फाबरोबर वाहत ते १८९६ साली आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांजवळ मोकळं झालं.

त्या प्रवासात नान्सेनच्या एक गोष्ट लक्षात आली. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरकत नव्हता. तो वाऱ्याच्या उजवीकडे २० ते ४० अंशांनी सरकत होता, आणि पुन्हा पुन्हा तसाच.

“आता तुझा नियम आणि ही नोंद समोरासमोर ठेव,” मी म्हटलं. “दोन्ही खरं कसं असेल?”

ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वेळ तोच. तिच्या नियमाला पहिल्यांदाच असा पुरावा भेटला होता जो तिला नाकारता येत नव्हता, आणि आता पृथ्वीच्या फिरण्याचा मुद्दा तिला हवा होता. मी सांगितल्यामुळे लिहून घेण्याची वेळ निघून गेली होती.

हा कोयडा सोडवला स्वीडनचा समुद्रशास्त्रज्ञ व्हॅग्न वाल्फ्रिड एकमन याने. त्याचा सविस्तर लेख १९०५ सालचा. त्याची युक्ती कागदावर बाण काढून कळते. पाण्याचे पातळ थर कल्पा. वारा सर्वांत वरच्या थराला ओढतो, आणि फिरत्या पृथ्वीवर तो थर उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतो. दुसऱ्या थराला वारा लागतच नाही. त्याला ओढणारा पहिला थर, म्हणून तो पहिल्याच्याही उजवीकडे वळतो आणि त्याचा वेग कमी. तिसरा दुसऱ्याच्या उजवीकडे, आणखी मंद. असं काही दहा मीटर ते सुमारे शंभर मीटरपर्यंत चालतं. तिने बाण काढले, आणि मग एकाच्या टोकाला दुसरा लावत सगळ्यांची बेरीज केली. बेरीज वाऱ्याला काटकोनात आली.

इथे तिने असा प्रश्न विचारला जो मला वर्गात फारसा ऐकू येत नाही. एकमनच्या सिद्धांतात सर्वांत वरचा थर ४५ अंशांनी वळतो. नान्सेनची नोंद २० ते ४० ची. “मग सिद्धांत चुकला ना?” उत्तर देण्यासारखा प्रश्न होता. एकमनने तळ नसलेला, किनारा नसलेला समुद्र, न बदलणारा वारा आणि सगळीकडे सारखं अंतर्गत घर्षण धरलं होतं. वरच्या थराचा कोन या गृहीतांवर अवलंबून असतो, त्यामुळे खऱ्या समुद्रात तो हलतो. पण सगळ्या थरांची मिळून होणारी वाहतूक काटकोनात असते, याला घर्षण खोलीनुसार कसं बदलतं हे माहीत असावं लागत नाही. वाऱ्याचा ताण आणि अक्षांश पुरतो. कोणत्या निष्कर्षाला किती टेकू लागतात, हे तिला झटकन समजलं. साधनं तपासताना ती तेच तर करते.

मग बिननावाचे किनारे. वाऱ्याबरोबर तोंड करून उभं राहायचं आणि गोलार्धानुसार उजवा किंवा डावा हात पसरायचा. दक्षिण गोलार्ध, वारा उत्तरेकडे : डावा हात पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडे. पाणी किनारा सोडून जातं आणि त्याची जागा खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी घेतं. उत्तर गोलार्ध, पश्चिमेला समुद्र, वारा दक्षिणेकडे : उजवा हात पुन्हा समुद्राकडे, आणि हा कॅलिफोर्निया. सोमालियाच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबरमधले नैर्ऋत्य मोसमी वारे, उजवा हात पुन्हा समुद्राकडे. मध्येच मी वाऱ्याचा बाण उलटा केला. तिने पाणी किनाऱ्याशी साचवलं आणि खाली ढकललं. बरोबर.

आणि मग तीच म्हणाली, “विषुववृत्तावर काय होईल? तिथे तर वळणच नाही.” अगदी रेषेवर नाही. पण थोडं उत्तरेला आहे आणि थोडं दक्षिणेलाही. व्यापारी वारे पश्चिमेकडे वाहतात. तिने उत्तरेच्या बाजूला उजवा हात पसरला, तो उत्तरेला गेला. दक्षिणेच्या बाजूला डावा, तो दक्षिणेला. दोन्हीकडचं पाणी रेषेपासून दूर चाललेलं. “मग मधे खालून यायला पाहिजे!” यायला पाहिजे आणि येतंही. पूर्व प्रशांत महासागरात विषुववृत्तावर थंड पाण्याची जी जीभ उपग्रहाच्या नकाशात दिसते, ती मुख्यतः यामुळे. हे व्याख्यानात अजून झालेलं नव्हतं.

अर्ज तिने त्याच दिवशी परत घेतला. मी आग्रह केला नव्हता.

खालचं पाणी उबदार कसं

आलेखाच्या दुखण्यावर उपाय फार साधा होता. आर्गो कार्यक्रमाचे सुमारे ४,००० तरंगते यंत्रगोळे जगभरच्या समुद्रात आहेत. प्रत्येक जण एरवी १,००० मीटर खोलीवर वाहत राहतो, साधारण दर १० दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतो, आणि वर येताना तापमान व क्षारता मोजून उपग्रहामार्फत पाठवतो. ही माहिती कुणालाही फुकट मिळते. त्यातला उष्ण कटिबंधातला एक आलेख घेतला, त्यावर कोरा कागद ठेवला, आणि कागद हळूहळू खाली सरकवत तिला प्रत्येक टप्प्याचं तापमान मोठ्याने वाचायला लावलं. पहिले पन्नास मीटर आकडा हलतच नव्हता. मग काही थोड्या मीटरांत तो धडाधड उतरू लागला, आणि हजार मीटरच्या खाली पुन्हा इतका मंदावला की वाचायचा कंटाळा यावा. रेषा आडवी म्हणजे घाई, हे तिला आपलं आपण उमगलं. त्यानंतर उताराच्या नियमाची चर्चा करावी लागली नाही.

पण त्या पेपरात अजून एक वाक्य होतं जे मला खटकत होतं : ‘गरम पाणी हलके असल्याने नेहमी वर असते.’ यासाठी मी आर्क्टिकचा आलेख काढला. पृष्ठभागाजवळ तापमान उणे १.६ अंश, क्षारता ३१. सुमारे ३०० मीटरवर तापमान अधिक ०.८, क्षारता ३४.८. उबदार पाणी खाली, गारठलेलं वर, आणि तरीही सगळं स्थिर.

इथे आकडेमोड लागते आणि ती मी तिला करू दिली. क्षारता एका एककाने वाढली की घनता दर घनमीटरला साधारण ०.८ किलोग्रॅमने वाढते. तापमानाचा परिणाम मात्र सगळीकडे सारखा नसतो : २५ अंशांच्या आसपास एका अंशाने घनता सुमारे ०.३ किलोग्रॅमने बदलते, शून्याच्या आसपास जेमतेम ०.०६ ने. आता हिशोब. क्षारतेचा फरक ३.८, म्हणून खालचं पाणी सुमारे ३ किलोग्रॅमने जड. तापमानाचा फरक २.४, म्हणून ते सुमारे ०.१४ किलोग्रॅमने हलकं. मिठाची बाजू वीसपट भारी. ज्या मुलीने गणिताचा पाया नाही म्हणून अर्ज लिहिला होता, तिने हा हिशोब कागदाच्या कोपऱ्यात केला आणि मान वर करून विचारलं, “म्हणजे थंड समुद्रात कोण वर, कोण खाली हे मीठ ठरवतं?” बहुतेक करून, हो. आणि म्हणूनच आर्क्टिकच्या पोटात अटलांटिकहून आलेली उष्णता असूनही वरचा बर्फ टिकून राहतो : मधला क्षारतेचा थर तिला सहजासहजी वर येऊ देत नाही. हा उबदार थरही फ्रामवरच्या मोजण्यांतूनच कळला होता, हे सांगितल्यावर तिने नान्सेनच्या नोंदींवर सत्रनिबंध लिहायचं ठरवलं. मोहीम कशी आखली गेली यावरची तिची पानं सुरेख होती. आकृत्या अजून कच्च्या होत्या.

सत्र परीक्षा

सत्र परीक्षेतला एक प्रश्न असा होता : एल निन्योच्या काळात पेरूच्या किनाऱ्यावर वारा नेहमीच्या दिशेने वाहत असला तरी मासळी का घटते? वर्गात पुष्कळांनी ‘वारा थांबतो, म्हणून खालचं पाणी वर येत नाही’ असं लिहिलं, प्रश्नातच वारा चालू असल्याचं सांगितलेलं असूनही. तिने आधी बाण काढला : वारा उत्तरेकडे, पाणी पश्चिमेकडे, म्हणजे खालचं पाणी वर येतच आहे. मग लिहिलं की एल निन्योत पूर्व प्रशांत महासागरातली थर्मोक्लाइन खोल जाते, त्यामुळे वर येणारं पाणी तिच्या वरच्या बाजूचंच असतं, उबदार आणि पोषक द्रव्यांत दरिद्री. शेवटी एक ओळ : १९७२-७३च्या एल निन्योनंतर पेरूची अँकोव्ही मासेमारी कोसळली, मात्र त्याआधीची बेसुमार मासेमारी हेही त्याचं कारण, म्हणून दोष एकट्या समुद्राला देता येत नाही. ती शेवटची ओळ कुणी मागितली नव्हती. मी पूर्ण गुण दिले.

भरती-ओहोटीचा प्रश्न मात्र तिला साधला नाही. पृथ्वीच्या दोन बाजूंना पाण्याचे दोन फुगवटे, त्यांच्याखालून फिरणारी पृथ्वी, सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येणारी भरती, हे सगळं तिने नीट लिहिलं. पण चंद्र माथ्यावर असताना नेमकी भरती का येत नाही, याला तिच्याकडे ‘जमीन आडवी येते’ यापलीकडे उत्तर नव्हतं. हे उत्तर चूक नाही, अपुरं आहे. तिच्याकडून याहून जास्त अपेक्षा करण्याजोगं आम्ही शिकवलंही नव्हतं : या भागाला एकच व्याख्यान मिळतं आणि ट्यूटोरियल नाहीच.

एका विद्यार्थिनीवरून सगळ्या वर्गाविषयी बोलायला मी धजणार नाही. एवढा वेळ प्रत्येकाला देता येत नाही, आणि तिची पुराव्याची जाण तयारच होती. तरी दोन गोष्टी मी आता सगळ्या तुकडीसोबत करते. पहिल्याच ट्यूटोरियलला आलेखावर कागद सरकवत आकडे मोठ्याने वाचायचे, आणि एकमनच्या भागात एकाही प्रदेशाचं नाव न घेता किनारे सोडवायचे. नावं शेवटी, उत्तर आल्यावर.

भरती-ओहोटीसाठी एक तास मागून घेतला आहे. त्यात फुगवट्यांची आकृती आधी दाखवायची नाही, असं ठरवलंय. आधी भागाकार. विषुववृत्ताचा सुमारे ४०,००० किलोमीटरचा घेर, चंद्राखालचा बिंदू तो २४ तास ५० मिनिटांत पुरा करतो, म्हणजे ताशी सुमारे १,६०० किलोमीटर. भरतीची लाट ४,००० मीटर खोल पाण्यात धावते गुरुत्वत्वरण गुणिले खोली यांच्या वर्गमुळाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २०० मीटर, ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास. दोन्ही आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहायचे आणि विचारायचं की ही लाट चंद्राला गाठणार कशी.